मौना केआचा सातबारा

नकाशावर सिन्नरवर बोट ठेवावं आणि ते सरळ उजवीकडे सरकवत न्यावं. जगन्नाथपुरी लागते, मग बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, व्हिएतनाम, चीनचं हैनान बेट. त्यानंतर पाणीच पाणी. अर्ध्याहून जास्त उत्तर पॅसिफिक ओलांडला की बोट एका डोंगरावर अडतं. हवाईच्या मोठ्या बेटावरचा हा मौना केआ. समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरच्या किंचित वर. अडीच कळसूबाई एकीवर एक रचल्या तरी थोडी उंची कमीच पडेल. पायथा मात्र समुद्राच्या तळाशी आहे. तिथून मोजलं तर उंची दहा किलोमीटरच्या पुढे जाते आणि एव्हरेस्टही खुजा ठरतो. सिन्नरच्याच अक्षांशावर असून या डोंगराच्या माथ्यावर हिवाळ्यात बर्फ पडतं. ‘मौना केआ’चा सरळ अर्थ पांढरा डोंगर.

गेली काही वर्षं या डोंगराचं नाव पुण्या-बंगळूरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या बैठकांत सतत निघतं, आणि ते निघालं की आवाज जरा खाली येतो. जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी एक इथे उभी राहणार होती. तिच्यात भारताचा दहा टक्के वाटा आहे. ती उभी राहिली नाही, कारण जुलै २०१९मध्ये काही म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन रस्त्यात बसली.

ती का बसली हे समजून घ्यायचं तर आपल्याकडे जमिनीच्या वादात जे करतात तेच करावं लागतं: जुना उतारा काढायचा आणि कोणता फेरफार कधी झाला ते पाहायचं.

हवाईच्या मूळ रहिवाशांच्या कथेत आकाशपिता वाकेआ आणि धरणीमाता पापा यांच्यापासून बेटं जन्मली, आणि पुढे माणसंही. मौना केआला ‘वाकेआचा डोंगर’ असंही म्हणतात. म्हणजे तो माणसांचा थोरला भाऊ लागतो. माथ्यावर पोलिआहू ही हिमदेवी राहते. शिखराच्या थोडं खाली वाइआऊ नावाचं लहानसं तळं आहे, आणि काही घराण्यांत बाळाची नाळ तिथवर नेऊन ठेवण्याची रीत आहे. ‘माझी नाळ इथे पुरलीय’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट फार फोड करून सांगावी लागू नये. हवाईयन भाषेत नाळेला, बेंबीला आणि शिखरालाही एकच शब्द आहे: पिको.

माथा वस्तीचा नव्हताच. तिथे श्वास लागतो, रात्री पाणी गोठतं. लोक तिथे कामापुरते जात आणि उतरून येत. त्या कामांपैकी एक मोठं मनोरंजक आहे. सुमारे ३,७०० मीटरवर ‘केआनाकाकोई’ नावाची दगडाची खाण आहे. हिमयुगात बर्फाखाली लाव्हा झटकन थिजल्यामुळे इथला काळा बेसॉल्ट विलक्षण कठीण आणि बारीक पोताचा झाला. बेटावर लोखंड नव्हतं. होड्या कोरायच्या, घरं बांधायची तर दगडी तासण्याच हव्यात. म्हणून कारागीर कित्येक शतकं एवढ्या उंचीवर चढत, दगड फोडत आणि घडीव पाती घेऊन खाली येत. त्यांनी टाकलेल्या छिलक्यांचे ढीग आजही तिथे आहेत, आणि त्या ढिगांच्या आसपास उभ्या दगडांची छोटी छोटी देवस्थानं. १९६२ साली अमेरिकी सरकारने या खाणीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला.

ही खाण पुढच्या वादात दोन्ही बाजूंनी साक्षीला उभी केली. दुर्बिणीचे समर्थक म्हणाले, तुमच्या पूर्वजांनीच या डोंगरावर उद्योग केला, अवजारं घडवली. आम्हीही अवजारच बसवतोय. विरोधकांचं उत्तर: पूर्वजांनी दगड उचलण्याआधी तिथे देव मांडला. युक्तिवाद म्हणून दोन्ही बिनतोड. पण एक प्रश्न दोघांच्याही बोलण्यात बाजूला राहतो. खाणकाम करणाऱ्यांना तिथे जायची परवानगी कोण देत होतं, म्हणजे डोंगर कुणाचा होता?

एकोणिसाव्या शतकात हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. त्याला राजा होता, संविधान होतं, परदेशांत वकिलाती होत्या. १८७४ साली शुक्राचं अधिक्रमण पाहायला ब्रिटिश खगोलज्ञांची तुकडी होनोलुलूत आली, तेव्हा राजा कलाकाऊआने तिचं मनापासून स्वागत केलं. पुढे १८८१मध्ये हा राजा जगप्रदक्षिणेला निघाला. कोलकात्याहून आगगाडीने तो मुंबईत आला आणि तिथून बोटीने इजिप्तकडे गेला. परतताना कॅलिफोर्नियात लिक वेधशाळेचं बांधकाम चालू होतं, ते पाहायला तो मुद्दाम डोंगर चढला. आपल्या राज्यातही अशी वेधशाळा असावी असं त्याला वाटे. आजचे खगोलशास्त्रज्ञ कलाकाऊआचं नाव आवर्जून घेतात, आणि ते रास्तच आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की बोलावणारा यजमान घराचा मालक होता.

बारा वर्षांत मालकी गेली. १७ जानेवारी १८९३ रोजी ऊसमळेवाले आणि व्यापारी यांच्या एका गटाने, अमेरिकी नौसैनिकांच्या बंदुका पाठीशी घेऊन, राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं. १८९७मध्ये विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर २१ हजारांहून जास्त हवाईयन लोकांनी सह्या केल्या. तेव्हा त्यांची एकूण लोकसंख्याच चाळीस हजारांच्या आसपास होती. तरी पुढच्या वर्षी विलीनीकरण झालं. राजघराण्याची आणि जुन्या सरकारची मिळून सुमारे १८ लाख एकर जमीन अमेरिकेच्या नावावर चढली. मौना केआचा माथा त्यातच होता. १९५९मध्ये हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं तेव्हा यातली बहुतेक जमीन राज्य सरकारकडे आली, पण विश्वस्त म्हणून. तिचा उपयोग कोणत्या पाच कामांसाठी करायचा हे कायद्यातच लिहिलं होतं आणि त्यातलं एक काम होतं मूळ हवाईयन लोकांची स्थिती सुधारणं. १९९३ साली, सत्तांतराला शंभर वर्षं झाल्यावर, अमेरिकी संसदेने ठराव करून माफी मागितली. ठरावात जमीन परत करण्याचा शब्द नव्हता.

आता दुर्बिणी कशा आल्या ते पाहू. त्यांना डोंगरावर आणलं एका लाटेने.

मे १९६०मध्ये चिलीत प्रचंड भूकंप झाला. त्याची त्सुनामी दुसऱ्या दिवशी पॅसिफिक ओलांडून हिलो गावावर येऊन आदळली. ६१ माणसं गेली, बाजारपेठ धुऊन निघाली. गाव पुन्हा उभं कसं करायचं या विवंचनेत तिथल्या व्यापारी मंडळाचे मित्सुओ अकियामा यांनी अमेरिका आणि जपानमधल्या विद्यापीठांना पत्रं धाडली: आमच्याकडे उंच डोंगर आहेत, आकाश स्वच्छ आहे, वेधशाळा काढायला या. बहुतेकांनी दाद दिली नाही. दिली ती गेरार्ड काइपर यांनी, ग्रहविज्ञानातला मोठा माणूस. १९६४मध्ये राज्यपालांनी पैसे मंजूर केले, बुलडोझरने माथ्यापर्यंत कच्चा रस्ता काढला आणि काइपर यांनी पोलिआहूच्याच नावाच्या टेकाडावर लहान दुर्बीण लावून आकाश तपासलं. हवा कोरडी, स्थिर. ढग खालच्या खाली अडलेले. आसपास शहरांचा उजेड नाही. असं आकाश पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी मिळतं. दुर्बीण उभारायचं काम नासाने मात्र काइपरना न देता हवाई विद्यापीठाला दिलं. आपला डोंगर पळवला, असं काइपरना शेवटपर्यंत वाटत राहिलं. ‘आपला’ हा शब्द या डोंगराबद्दल किती सहज तोंडात येतो!

१९६८ साली राज्य सरकारने शिखराभोवतीची ११ हजार एकरांहून जास्त जमीन ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने विद्यापीठाला दिली. विद्यापीठाने पुढे तिच्यातले तुकडे निरनिराळ्या देशांच्या नि संस्थांच्या वेधशाळांना पोटभाड्याने दिले. भाडं, वर्षाला एक डॉलर. शिवाय विद्यापीठाला प्रत्येक दुर्बिणीवर निरीक्षणाचा ठरावीक वेळ. खगोलशास्त्राच्या जगात हा वेळ सोन्याच्या मोलाचा आणि त्याच्या जोरावर हवाई विद्यापीठाचा खगोल विभाग जगाच्या पहिल्या रांगेत गेला. सातबाराच्या भाषेत सांगायचं तर भोगवटादाराच्या रकान्यात सरकार, इतर हक्कांत विद्यापीठ आणि त्याखाली दुर्बिणींची रांग. ज्यांच्या नाळा तळ्याकाठी होत्या त्यांची नोंद कुठेच नाही.

पहिली मोठी दुर्बीण १९७०ची. मग १९७९मध्ये एकदम तीन, आणि शतक संपेपर्यंत केक दुर्बिणींची जोडी, जपानची सुबारू, जेमिनी. २००३पर्यंत तेरा झाल्या. या दुर्बिणींनी केलेलं काम छोटं नाही. आकाशगंगेच्या मध्यावर महाकाय कृष्णविवर आहे, हे ताऱ्यांच्या फेऱ्या वर्षानुवर्षं मोजून दाखवण्यात केकचा मोठा वाटा होता. त्या कामाला २०२०चं नोबेल मिळालं.

त्याच काळात डोंगराची देखभाल कशी चालली होती? राज्याच्या लेखापरीक्षकांनी १९९८मध्ये तपासणी केली आणि अहवालात विद्यापीठाचे कान उपटले. बांधकामांकडे लक्ष, निसर्गाकडे आणि वारशाकडे दुर्लक्ष, असा तो ठपका. माथ्यावर वेकिऊ नावाचा एक किडा आहे. तांदळाच्या दाण्याएवढा, बिनपंखी, रक्तात गोठणरोधक घेऊन बर्फाच्या कडेने हिंडणारा. वाऱ्याने वर उडून आलेले मेलेले किडे हे त्याचं अन्न. जगात दुसरीकडे कुठेही तो सापडत नाही. ज्या राखेच्या शंकूंमध्ये तो राहतो त्यांचेच माथे सपाट करून घुमट बसवले गेले.

केआलोहा पिशिओत्ता यांची गोष्ट याच वर्षांतली. मूळ हवाईयन असलेल्या या बाई माथ्यावरच्या एका दुर्बिणीवर तंत्रज्ञ म्हणून नोकरीला होत्या. घराण्यातला एक दगड त्यांनी शिखराजवळ पूजेसाठी ठेवला होता. एक दिवस दगड जागेवर नव्हता. शोधता शोधता तो कचरा टाकण्याच्या जागी सापडला. पुढे त्यांनी दुर्बिणीची नोकरी सोडली आणि मौना केआच्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात त्या पक्षकार म्हणून उभ्या राहिल्या. या आंदोलकांना दुर्बिणीतलं काय कळतं, असं विचारणाऱ्यांनी त्यांना एकदा भेटायला हवं होतं.

भारताचा वाटा असलेल्या त्या तीस मीटरच्या दुर्बिणीसाठी २००९मध्ये चिलीतला डोंगर मागे टाकून मौना केआची निवड झाली. आरसा ४९२ षट्कोनी तुकड्यांचा, घुमट अठरा मजली इमारतीएवढा, जागा सुमारे पाच एकर. कॅलिफोर्नियातल्या दोन संस्था, कॅनडा, जपान, चीन आणि भारत असे भागीदार. २०१४मध्ये आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने जवळपास १,३०० कोटी रुपये मंजूर केले. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची आयुका आणि नैनितालची एरीज यांच्यावर काम सोपवलं. आरशाचे ऐंशीहून अधिक तुकडे बंगळूरजवळ होसकोटे इथे घासून-पुसून तयार करायचे, तुकडे तोलून धरणाऱ्या यंत्रणा आणि नियंत्रणाचं सॉफ्टवेअरही इथूनच द्यायचं.

या वेळी दुर्बीणवाले आधीच्यांपेक्षा शहाणे निघाले, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी मुख्य शिखर सोडून खालच्या उत्तर पठारावरची जागा निवडली, जी वाइआऊ तळ्यावरून किंवा शिखरावरून दिसत नाही. खऱ्या दराने भाडं आणि बेटावरच्या मुलांच्या शिक्षणासाठी वर्षाला दहा लाख डॉलर कबूल केले. पण पहिल्या तेरांनी जे विचारलं नव्हतं त्याची थकबाकी चौदाव्याच्या दारात वसुलीला आली. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी भूमिपूजनाचा समारंभ चालू असताना आंदोलक रस्ता अडवून वर पोचले आणि सोहळा मोडला. पुढच्या एप्रिलमध्ये ३१ जणांना अटक झाली. डिसेंबर २०१५मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानाच रद्द केला, कारण हरकतींची सुनावणी व्हायच्या आधीच तो देऊन टाकला होता. म्हणजे निकाल आधी आणि साक्षी मग.

सुनावणी पुन्हा झाली. चव्वेचाळीस दिवस, एकाहत्तर साक्षीदार. २०१८मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी परवाना कायम केला. बहुमताच्या निकालात एक चमत्कारिक मुद्दा आहे. शिखरावर आधीच इतकं बांधकाम झालं आहे की आणखी एका दुर्बिणीने निर्णायक फरक पडणार नाही! न्यायमूर्ती मायकेल विल्सन यांनी आपल्या विरोधी मतात यावरच बोट ठेवलं. आधी बिघडवलं म्हणून आणखी बिघडवायला मोकळीक, हे तत्त्व मान्य केलं तर कोणतीही राखीव जागा राखीव राहणार नाही, असा त्यांचा रोख होता. गायरानावर अतिक्रमण करायचं आणि मग इथे आता चरायला उरलंय काय असं विचारायचं, हे आपल्या गावांना नवीन नाही. विल्सन यांचं म्हणणं जास्त पटतं.

जुलै २०१९मध्ये काम सुरू होणार असं जाहीर झालं. शिखराचा रस्ता जिथे हमरस्त्याला फुटतो तिथे, पुऊ हुलुहुलु या टेकडीच्या पायथ्याशी, १५ तारखेच्या पहाटे लोक जमले. गुरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीला काही जणांनी साखळ्यांनी स्वतःला बांधून घेतलं. पुढे रस्त्यावर मांडव घालून वडीलधारी माणसं बसली. त्यांना ‘कुपुना’ म्हणतात. तरुणांना त्यांनी बजावलं होतं की अटक व्हायची ती आमची होईल, तुम्ही मधे पडायचं नाही. १७ तारखेला पोलिसांनी तीसहून अधिक कुपुनांना ताब्यात घेतलं. कुणी काठी टेकत गेलं, कुणाला चाकाच्या खुर्चीवरून नेलं. अटक करणाऱ्यांत हवाईयन पोलीसही होते. काहींच्या डोळ्यांना पाणी आलं. मग बायकांनी हातात हात गुंफून रस्ताभर साखळी केली. पोलीस मागे हटले.

तिथे जे उभं राहिलं त्याला छावणी म्हणणं अपुरं. स्वयंपाकघर होतं, दवाखाना होता, लाव्हाच्या खडकावर बसून भाषेचे आणि इतिहासाचे वर्ग चालत. दिवसातून तीन वेळा नृत्य आणि स्तोत्रं. शिवीगाळ नाही, दारू नाही. या शिस्तीला ‘कापू आलोहा’ हे नाव. स्वतःला ते निदर्शक म्हणत नसत. त्यांचा शब्द ‘किआई’, राखणदार. महिने गेले, मुक्काम हलला नाही. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे लोक घरी गेले, तोवर एकही यंत्र वर चढलं नव्हतं.

सगळे हवाईयन एका बाजूला होते असं मात्र नाही. चाड कालेपा बायबायान हे ताऱ्यांच्या आधाराने होडी हाकणारे नामवंत खलाशी होते. हवाईयन नौकानयन पुन्हा जिवंत करणाऱ्या होकुलेआ होडीचे एक कप्तान. त्यांनी दुर्बिणीला जाहीर पाठिंबा दिला. आपले पूर्वज तारे वाचूनच या बेटांवर पोचले, तेव्हा आकाश पाहणं हीच आपली परंपरा, असं त्यांचं म्हणणं. त्यांना घरच्यांकडून बोल खावे लागले. २०१९मध्ये जगाने पाहिलेल्या कृष्णविवराच्या पहिल्या चित्रात मौना केआवरच्या दोन दुर्बिणींचा हात होता, आणि त्या कृष्णविवराला ‘पोवेही’ हे नाव दिलं ते हिलोतले हवाईयन भाषेचे प्राध्यापक लॅरी किमुरा यांनी. दुसरीकडे २०१५मध्ये एका ज्येष्ठ अमेरिकी खगोलज्ञाच्या ई-मेलात आंदोलकांसाठी ‘टोळधाड’ म्हणावं असा शब्द आला आणि मोठा गहजब झाला. तरुण खगोलज्ञांनीच आपल्या वडीलधाऱ्यांना त्याचा जाब विचारला.

हा वाद विज्ञान आणि श्रद्धा यांचा आहे, असं समजणं दोन्हीकडच्या कडव्यांना सोयीचं पडतं. इतिहास पाहिला तर ते टिकत नाही. तारे पाहायला या लोकांची हरकत कधीच नव्हती. त्यांच्या राजाने दुर्बीण मागितली होती. हरकत होती न विचारता सही करण्याला, आणि ती सही १९६८ची नसून १८९८ची आहे. दुर्बिणीच्या भागीदारांचं दुर्दैव असं की ते चोराकडून माल घेतलेल्या दुकानदाराकडे रीतसर पावती फाडून गेले.

२०२२मध्ये राज्याने कायदा करून डोंगराचा कारभार विद्यापीठाकडून काढला आणि अकरा मतदार सदस्यांच्या नव्या प्राधिकरणाकडे सोपवायचं ठरवलं. मूळ हवाईयन प्रतिनिधी त्यात आहेत. हस्तांतरण २०२८पर्यंत पुरं व्हायचं आहे. २०२४मध्ये जुन्या दोन दुर्बिणी पाडून जागा मोकळी केली गेली. तीस मीटरच्या दुर्बिणीचं गाडं मात्र रुतलेलंच. भारताच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याने २०२०मध्येच पर्यायी जागेकडे कल दाखवला होता. २०२५मध्ये अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकी प्रस्तावात या दुर्बिणीला पुढच्या टप्प्यातून वगळलं गेलं, आणि त्याच जुलैत स्पेनने ला पाल्मा बेटावर येत असाल तर ४० कोटी युरोपर्यंत देऊ अशी तयारी दाखवली.

मौना केआचा १९६८चा भाडेपट्टा ३१ डिसेंबर २०३३ रोजी संपतो.